माज, भूक आणि दावण



पैनगंगेच्या दक्षिणेस, आदिलाबादच्या काळ्या कपाशीच्या शिवारात जैनथ हे गाव वसले आहे. लक्ष्मीनारायणाचे जुने मंदिर आणि परमार जगद्देवाचा संस्कृत शिलालेख यांमुळे इतिहासाच्या अभ्यासकांना ते परिचित आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे भाग तत्कालीन मुंबई राज्यात गेले. जैनथ आंध्र प्रदेशात राहिले आणि २ जून २०१४ पासून ते तेलंगण राज्यात आहे. सरकारी कागदाची भाषा बदलली, तरी गोठ्याची भाषा काही बदलली नाही. गाय माजावर येते, फळते, गाभण राहते, विते, पान्हावते आणि एके दिवशी आटते. वासराची कालवड होते, नाही तर गोऱ्हा होतो आणि गोऱ्ह्याचा पुढे वळू किंवा बैल होतो. जनावराच्या देहातील प्रत्येक अवस्थेसाठी मराठी कुणब्याने स्वतंत्र शब्द घडविला. या शब्दांच्या पोटात शतकानुशतकांचे निरीक्षण साठलेले आहे.

आजच्या व्याख्यानाचा विषय त्या निरीक्षणातूनच निघतो. नर-मादीपणा घडविणारी जी रासायनिक द्रव्ये प्राण्याच्या रक्तात वाहतात, त्यांचा त्याच्या भुकेशी काय संबंध आहे, हा तो विषय. ग्रंथालयाच्या शताब्दीच्या निमित्ताने असा विषय कशाला, असा प्रश्न कोणाच्या मनात आल्यास तो स्वाभाविकच आहे. त्याचे उत्तर व्याख्यानाच्या शेवटी आपोआप मिळावे, अशी अपेक्षा आहे.

प्रथम एक साधे दृश्य डोळ्यांसमोर आणावे. सकाळची वेळ आहे. गव्हाणीत कुटार टाकले आहे, वर सरकीच्या ढेपेचा चुरा पसरला आहे. एरवी तोंड वर न करणारी गाय आज वैरणीला जेमतेम तोंड लावते. ती हंबरते, दावे ओढते, शेजारच्या जनावरावर उडते. रवंथ कमी झालेले असते, धारेला दूधही थोडे कमी येते. अननुभवी माणूस म्हणतो, गाय आजारी पडली. कोणी म्हणतो, दृष्ट लागली. घरातील म्हातारी मात्र शेपटीखाली काचेसारखा स्वच्छ, तारेसारखा लोंबणारा सोट पाहते आणि शांतपणे सांगते की गाय माजावर आहे. म्हातारीचे निदान अचूक असते. गाईचा माज साधारणतः २१ दिवसांनी येतो आणि बहुधा १२ ते १८ तास टिकतो. तेवढ्या अवधीत तिला दिसलेले वैरण खरे असते, पण भूक मात्र मागे सरलेली असते.

ही भूक मागे सारते कोण? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास विज्ञानाला बराच काळ लागला. वृषण काढल्याने प्राण्याचा आवाज, बांधा आणि स्वभाव पालटतो, हे ॲरिस्टॉटलने आपल्या प्राणिविषयक ग्रंथात नोंदविले होते. आपल्याकडेही गोऱ्हा बडवून त्याचा बैल करण्याची रीत फार जुनी आहे. परंतु वृषणाचा संदेश देहभर पोचतो कसा, हे १८४९ मध्ये जर्मनीतील ग्योटिंगन येथे आर्नोल्ड बेर्टहोल्ड याने दाखविले. त्याने कोंबड्यांचे वृषण काढले, तेव्हा त्यांचा तुरा मलूल झाला, आरवणे आणि झुंजणे थांबले. मग त्याने वृषण काहींच्या पोटात पुन्हा रोवले. मज्जातंतूंचा जुना सांधा तुटलेला असूनही ते कोंबडे पूर्ववत झाले. संदेश रक्तातून जातो, एवढाच याचा अर्थ होता. १९०५ मध्ये अर्नेस्ट स्टार्लिंग याने अशा संदेशद्रव्यांना 'हॉर्मोन' हे नाव दिले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'चेतविणारे' असा आहे. मराठीत रूढ झालेला 'संप्रेरक' हा शब्द त्या अर्थाशी इमान राखणारा आहे. पुढे १९२९ मध्ये इस्ट्रोजेन गटातील पहिले द्रव्य आणि १९३५ मध्ये टेस्टोस्टेरॉन शुद्ध रूपात हाती आले.

भुकेशी या द्रव्यांचा संबंध प्रथम स्पष्ट झाला तो प्रयोगशाळेतील उंदीर जातीच्या प्राण्यांत. मादीचे कामचक्र तिथे चार-पाच दिवसांचे असते. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातच असे आढळले की, माजाच्या रात्री मादीचे खाणे एकदम उतरते आणि तिची धावपळ मात्र वाढते. मादीचे अंडाशय काढून टाकले की हा चढउतार नाहीसा होतो. ती अधिक खाऊ लागते आणि काही आठवड्यांत लठ्ठ होते. तिला इस्ट्रोजेन टोचले की खाणे पुन्हा आवरते. १९७० च्या सुमारास जॉर्ज वेड व अर्व्हिंग झुकर यांनी इस्ट्रोजेनचा सूक्ष्म अंश मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागात ठेवून हाच परिणाम घडवून आणला. म्हणजे भुकेचा लगाम पोटापेक्षा मेंदूतून ओढला जात होता.

या लगामाची रीत मोठी नाजूक आहे. इस्ट्रोजेनमुळे मादी जेवणाच्या वेळा टाळते असे नाही. ती जेवायला येते, पण लवकर उठते. अन्न आतड्यात उतरले की तिथून 'आता पुरे' असा निरोप मेंदूकडे जातो. कोलेसिस्टोकायनिन नावाचे द्रव्य त्या निरोप्यांपैकी प्रमुख होय. इस्ट्रोजेन या निरोप्याचा आवाज मोठा करते. मेंदूच्या मागील देठात आतड्याकडील वार्ता जिथे उतरून घेतल्या जातात, तिथे इस्ट्रोजेनला ओळखणाऱ्या पेशी असतात. भरल्या पानावरून मादी लवकर उठते, त्यामागे एवढे कारण असते.

प्रोजेस्टेरॉन हे गाभणपण सांभाळणारे संप्रेरक. ते एकटे असले तर भुकेवर त्याचा फारसा प्रभाव दिसत नाही. परंतु इस्ट्रोजेनच्या सोबत असले की ते त्याचा लगाम सैल करते. माज ओसरून अंडाशयातील पीतपिंड प्रोजेस्टेरॉन स्रवू लागला की गाय पुन्हा वैरणीवर तुटून पडते, ती यामुळेच. माकडांत आणि माणसांतही अंडमोचनाच्या सुमारास खाणे सर्वांत कमी व त्यानंतरच्या पंधरवड्यात काहीसे अधिक असते, असे आढळले आहे.

नराची कथा निराळी आहे आणि थोडी फसवीही आहे. बैल वळूपेक्षा लवकर लठ्ठ होतो, हे पाहून वृषण काढले की भूक वाढते, असा समज होतो. वस्तुस्थिती तशी सरळ नाही. नर उंदरांचे वृषण काढल्यास त्यांचे खाणे व वाढ उलट कमी होते आणि टेस्टोस्टेरॉनच्या माफक मात्रेने ती भरून येते. मात्रा फार वाढविली तर मात्र खाणे पुन्हा घटते, कारण देहात टेस्टोस्टेरॉनचे काही अंशी इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर होत असते. बैलाच्या बाबतीत मुख्य फरक खाल्लेल्या अन्नाच्या वाटणीत पडतो. वळू त्याच वैरणीतून मांस अधिक घडवितो, बैल चरबी अधिक साठवितो. घरातील मांजरांच्या बाबतीत दुहेरी बदल होतो. नसबंदीनंतर त्यांच्या देहाची गरज घटते आणि खाणे मात्र वाढते. शस्त्रक्रियेनंतर ताटली पूर्वीसारखीच भरत राहणारा प्रेमळ मालक आपल्या मांजराचे अहितच करीत असतो.

आता गोठा सोडून रानात यावे. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील कवाल आणि पैनगंगेपलीकडील यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर ही अभयारण्ये या परिसराची वनसंपदा. हरणांच्या वंशात माजाच्या हंगामात नर चरणे जवळजवळ विसरतो. युरोपातील तांबड्या हरणाचा नर या काळात आपल्या वजनाचा पाचवा हिस्सादेखील गमावून बसतो. आपल्याकडील चितळाचा नरही शिंगांवरील मखमल गळून ती कठीण झाली की चरण्यापेक्षा कळपामागे फिरण्यात आणि प्रतिस्पर्ध्याला हुसकावण्यात अधिक वेळ घालवितो.

या प्रकाराचे सर्वांत भव्य उदाहरण म्हणजे हत्तीची मस्ती. गडचिरोली जिल्ह्यात कमलापूर येथे वनखात्याचा हत्तीकॅम्प आहे, त्यामुळे या भागातील लोकांना पाळीव हत्ती सर्वस्वी अपरिचित नाही. मस्तीत आलेल्या नराच्या गंडस्थळातून मद पाझरतो. १९७२ मध्ये श्रीलंकेतील पाळीव हत्तींच्या रक्ताची तपासणी प्रसिद्ध झाली, तेव्हा मस्तीच्या काळात टेस्टोस्टेरॉन कित्येक पटींनी चढते हे सिद्ध झाले. १९८१ मध्ये जॉइस पूल आणि सिंथिया मॉस यांनी आफ्रिकेतील हत्तींतही मस्ती असते हे दाखवून दिले. असा हत्ती कमी चरतो, अधिक चालतो आणि हळूहळू खंगतो. मस्ती टिकते ती अंगात साठा असेपर्यंतच. भारतातील माहुतांना हे न शिकता ठाऊक होते. मस्ती लवकर उतरावी म्हणून ते हत्तीचा खुराक कमी करीत. मस्तीने भूक जाते आणि उपासाने मस्ती जाते, हे दोन्ही बाजूंचे नाते त्यांनी ग्रंथाविना ओळखले होते.

पक्ष्यांत याच्या उलट प्रकारही दिसतो. काळ्या डोक्याचा भारीट हा पाहुणा पक्षी हिवाळ्यात दख्खनच्या जोंधळ्याच्या शेतांवर उतरतो आणि वसंतात पश्चिम आशियाकडे परततो. दिवस लांबू लागले की त्याचे वृषण वाढू लागतात आणि त्याच सुमारास त्याला विलक्षण भूक लागते. कातडीखाली चरबीचे थर साठतात, तीच त्याची प्रवासाची शिदोरी. उत्तर प्रदेशातील भारतीय संशोधकांनी या पक्ष्यावर दीर्घकाळ काम करून प्रकाशाचा आणि या दोन्ही बदलांचा संबंध उलगडला आहे. अमेरिकेतील अशाच एका स्थलांतरी चिमणीत वृषण काढल्यास वसंतातील हे लठ्ठ होणे नीट घडत नाही, असे आढळले. म्हणजे संप्रेरके नेहमी भूक मारतातच असे नाही. पुढ्यात कोणते काम आहे, त्यावर ती कधी भूक आवरतात, कधी चेतवितात.

परसातील खुडूक कोंबडीचे उदाहरण तर प्रत्येकीच्या पाहण्यातील. तिच्याजवळ दाणे टाकले तरी ती अंड्यांवरून क्षणभर उठते, चार दाणे टिपते आणि परत बसते. तीन आठवड्यांत तिचे वजन उतरते. तिचा लगाम अंडाशयापेक्षा पोष ग्रंथीतून येणाऱ्या प्रोलॅक्टिनच्या हाती अधिक असतो. कोंबडीचे रानातील पूर्वज असलेल्या रानकोंबड्यांवर १९८० च्या सुमारास झालेल्या अभ्यासात असे दिसले की, अन्न शेजारी ठेवले तरीही उबविणारी मादी वजन घटू देते. ती उपाशी राहते असे वाटते खरे, पण त्या काळापुरते तिच्या देहाने कमी वजन हेच योग्य वजन ठरविलेले असते.

या सर्व उदाहरणांतून एक सूत्र हाती लागते. प्राण्याजवळ वेळ एकच असतो आणि तोंडही एकच. ज्या दिवशी वंश चालविण्याची संधी मोजक्या तासांची असते, त्या दिवशी चरणे मागे पडते. ज्या दिवशी ती संधी नसते, त्या दिवशी चरणे पुढे येते. संप्रेरके या दोन कामांची पाळी ठरवितात.

येथवर एक बाजू झाली. दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आणि गोरगरीब शेतकऱ्याच्या दृष्टीने अधिक निकडीची आहे. संप्रेरके भुकेवर हुकूम चालवितात, तशी भूकही संप्रेरकांवर हुकूम चालविते. प्राण्याच्या अंगी पुरेशी शक्ती शिल्लक नसेल तर मेंदू अंडाशयाकडे निरोपच धाडीत नाही. १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने लेप्टिन हे द्रव्य शोधून काढले. चरबीच्या पेशी ते स्रवतात आणि घरात किती साठा आहे याची वर्दी मेंदूला देतात. साठा घटला की वर्दी मंदावते, मग माजही थांबतो. निसर्गाच्या हिशेबात हा शहाणपणा आहे. ज्या घरात दाणा नाही, त्या घरात पाहुण्याला बोलवायचे नसते.

विणाऱ्या गाईच्या बाबतीत हे फार स्पष्ट दिसते. गाभणपणाच्या अखेरच्या आठवड्यांत रक्तातील इस्ट्रोजेन चढते, पोटातील जागाही वासराने अडविलेली असते, त्यामुळे खाणे घटते. व्याल्यावर दुधाचा ओघ झपाट्याने वाढतो, भूक मात्र त्यामागून सावकाश येते. मधल्या काळात गाय आपल्या अंगावरचे मांस आणि चरबी दुधात उतरविते. या काळात ढेप, हिरवी वैरण आणि पाणी पुरेसे मिळाले तर ती सावरते आणि पुन्हा माजावर येते. नुसत्या कडब्यावर ठेवली तर महिनोन्‌महिने येत नाही. म्हशीची गत उन्हाळ्यात आणखी कठीण. उष्म्याने तिचा माज मुका होतो, हंबरणे नाही की उडणे नाही, आणि मालकाला वाटते की ती येतच नाही.

अशा वेळी गोठ्यात एक शब्द उच्चारला जातो. तो शब्द म्हणजे 'भाकड'. हा शब्द एकदा गाईला चिकटला की दावणीतील तिचा वाटा आधी कमी होतो, कारण दूध न देणाऱ्या जनावराला ढेप घालणे कोणाला परवडते? वाटा कमी झाला की माज आणखी लांबतो. माज लांबला की शब्द अधिक खरा वाटू लागतो. शेवटी एका आठवडी बाजाराच्या दिवशी तिच्या गळ्यातील दावे दुसऱ्याच्या हाती जाते. जे भाकडपण उपासाने आले होते, त्याची शिक्षा म्हणून आणखी उपास आणि अखेर निर्वासन, असा हा न्याय आहे. कोरडवाहू कपाशीच्या या प्रदेशात, जिथे एका पावसाच्या ओढीने वर्षाचा हिशेब मोडतो, तिथे शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे, पण योग्य नाही. त्याची स्वतःची दावणही रिकामीच असते. तरीही काही गोष्टी पैशाविना साध्य आहेत. व्याल्याची तारीख भिंतीवर लिहून ठेवावी. एक माज हुकला तर एकविसाव्या दिवशी पहाटे आणि सायंकाळी गाईकडे नीट पाहावे. सकाळी माज दिसला तर सायंकाळी, सायंकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी रेतन करवून घ्यावे, कारण अंडमोचन माज संपल्यानंतर काही तासांनी होते. आणि भाकड म्हणण्यापूर्वी पशुवैद्याकडून एकवार तपासून घ्यावे. तिच्या गव्हाणीत गेले सहा महिने काय पडले, हे त्याहूनही आधी आठवावे.

माणसाची गोष्ट यापासून फार दूर नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांनी वऱ्हाड व मुंबई इलाखा होरपळून निघाला, तेव्हा मृत्यूंचे आकडे चढले. त्याचबरोबर जन्मांचे आकडेही नंतरच्या महिन्यांत खाली आले. टिम डायसन यांनी भारतीय दुष्काळांच्या लोकसंख्याशास्त्रीय अभ्यासात हे तपशिलाने मांडले आहे. ज्या घरांत त्या वर्षी पाळणा हलला नाही, तिथे कोणत्या स्त्रीला कोणता शब्द ऐकावा लागला असेल, याची नोंद कोणत्याही गॅझेटिअरात नाही. तो शब्द मात्र मराठीत अजून आहे.

याउलट आपल्याच परंपरेत एक उदार दृष्टीही आहे. गर्भवतीला दोन हृदये असतात, एक तिचे आणि एक गर्भाचे, म्हणून तिची इच्छा अव्हेरू नये, असे चरक व सुश्रुत यांच्या संहितांत सांगितले आहे. त्या कल्पनेशी जोडलेला 'दोहद' हा संस्कृत शब्द मराठीत 'डोहाळे' होऊन घरोघरी आला. आज गर्भवतीच्या भुकेतील बदलांची कारणे संप्रेरकांच्या भाषेत सांगता येतात, पण डोहाळजेवणाचे मोल त्यामुळे कमी होत नाही. स्त्रीच्या देहाला जे हवे आहे त्याला हट्ट न म्हणता समारंभ मानण्याची ती रीत आहे. हाच मान तिच्या इतर दिवसांतील भुकेला, कमी खाण्याला आणि अधिक खाण्याला मिळाला, तर ती रीत खऱ्या अर्थाने पूर्ण होईल.

मराठीत 'माज' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक गोठ्यातला आणि दुसरा गावातला. माजावर आलेल्या गाईत ताठा नसतो आणि तिने वैरण सोडली तर तो रुसवाही नसतो. रक्तातील एका द्रव्याने तिच्या मेंदूला काही तासांपुरते सांगितलेले ते काम असते. ज्या माणसाला हा भेद कळला, त्याचा हात काठीकडे जाण्याआधी थांबतो.

श्रावण अमावास्येला पोळा येतो. आदल्या सायंकाळी बैलाचे खांदे लोण्या-हळदीने मळले जातात आणि त्याला उद्याच्या जेवणाचे आवतण दिले जाते. ज्या प्राण्याचे वृषण माणसाने आपल्या शेतीसाठी घेतले, ज्याचा माज कायमचा विझविला, त्याच्यापुढे वर्षातून एक दिवस पुरणपोळी ठेवली जाते. त्या ताटात कृतज्ञता आहे आणि थोडीशी क्षमायाचनाही आहे. ग्रंथालये विज्ञानाची पुस्तके ठेवतात, ती या क्षमायाचनेला ज्ञानाची जोड मिळावी म्हणून. म्हातारीला ठाऊक असलेले पुस्तकात यावे आणि पुस्तकातले परत गव्हाणीपर्यंत पोचावे, एवढे साधले तरी शंभर वर्षे कपाटे सांभाळल्याचे सार्थक झाले असे म्हणता येईल.